बावीस महिने, दिवसरात्र

झुग्दीदीच्या बस स्टँडमागे जंबुलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
तिथल्या काउंटरवर त्यानं पिशवी उघडली.
बटाट्यांची पिशवी. आत जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेलं
तीन पंख्यांचं कार्ड.
"बावीस महिने," तो म्हणाला, "दिवसरात्र. खोटं कशाला बोलू."

खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं.
बाकीचे सगळे सांगतात, मुलगा रविवारी तासभर खेळायचा,
आणि स्क्रूवरचं सील फाटलेलं असतं.
याच्या कार्डावर सीलच नव्हतं.
कडेनं तेल पाझरून सुकलं होतं,
कढईच्या बाहेरून सुकतं तसं.

नाव बिमुर्झा गुलेदानी. वर स्वानेतीचा, डोंगरातला.
गोठ्यात अशी चौदा होती म्हणे.
"गायीला ऊब मिळायची. कोंबड्या जानेवारीतही अंडी घालायच्या.
नाणी किती निघाली ते बायकोला माहीत.
मी अंडी मोजली."

जंबुल म्हणाला, घेऊ नकोस, रस काढून उरलेला चोथा आहे.
मग स्वतःच म्हणाला, घे,
सतत तापलेलं तडकत नाही,
तडकतं ते रोज तापून रोज गार होणारं.
जंबुलचे पाय कायम दोन्ही डगरींवर.

मला ते हवं होतं उन्हासाठी.
बातुमीचे बिल्डर नकाशे पाठवतात,
मी न बांधलेल्या हॉटेलांच्या खिडक्यांतून ऊन आत सोडते,
गालिच्यावर तिरपं, उशीवर जरा कमी.
माझ्या जुन्या कार्डाला एका खोलीच्या उन्हाला अख्खी रात्र लागते.
नवं घ्यायचं तर चार हॉटेलांचे पैसे हवेत,
आणि पैसे येतात हॉटेल विकलं गेल्यावर.
कधी कधी ते बांधलंच जात नाही.
ऊन तेवढं माझ्याकडे पडून राहतं.

"गाव कुठलं?" मी सहज विचारलं.
त्यानं सांगितलं,
आणि मी बोटानं पंख्याचं पातं फिरवत राहिले.
इझोल्दा मावशीच्या गावाच्या वरचं.
दोन हिवाळे तिच्याकडे पाचलाच दिवे जायचे.
ट्रान्सफॉर्मर दोनदा जळला.
ती फोनवर सांगायची, मेणबत्ती लावलीय, चर्चमधली,
देवाची उधारी आहे, उन्हाळ्यात फेडीन.
आणि वर कुणाच्या तरी गोठ्यात
ही चौदा गुणगुणत होती.

काय विचारणार होते मी त्याला?
वीज तिकडे फुकट. फुकटाचं माप कोण ठेवतो.

अर्धा तास चालवून पाहिलं.
एकाहत्तर अंश, मग चौऱ्याहत्तर, मग तिथेच.
मधला पंखा कण्हत होता, फाटकाच्या बिजागरीसारखा.
बिमुर्झा स्क्रीनकडे बघतच नव्हता,
जनावर विकायला आणलेला माणूस
गिऱ्हाईक दात बघत असताना बघतो तसा
रस्त्याकडे बघत होता.

तो साडेतीनशे लारी म्हणाला. मी तीनशे. जंबुल खोकला.
तीनशे वीसवर जमलं,
आणि त्यानं स्वेटरची बाही परत मागितली.
"बाकीचा स्वेटर घरी आहे."

घरी ब्रशनं झाडताना पट्ट्यांच्या फटीतून एक पीस निघालं,
करडं, कोंबडीच्या पोटाखालचं.
वासही अजून होता, सुक्या गवताचा, शेणाचा,
तापल्यावर जास्तच आला.
रात्री पहिली खोली घेतली, सातवा मजला, समुद्राकडची खिडकी.
चाळीस मिनिटांत ऊन गालिच्यावर आलं.

मावशीला फोन लावला. काहीतरी सांगायचं होतं,
कदाचित विचारायचं होतं.
ती म्हणाली, मोठ्यानं बोल,
तुझ्याकडे कसला आवाज येतोय?
पंखा, मी म्हटलं.
मार्चमध्ये पंखा? ती म्हणाली.
एवढं उकडतंय का तुझ्याकडे?